भाग बदलण्याआधी मोजा: घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह गिटार ॲम्पमधला बिघाड कसा शोधावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फेंडर चॅम्पच्या ५एफ१ या आराखड्यावरून तुम्ही घरी ॲम्प बांधला आहे: सुरुवातीला गिटारचा सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह (काचेची नळी), शेवटी स्पीकर चालवणारा एकच ६व्ही६ आणि रेक्टिफायर म्हणून, म्हणजे एसीचे डीसी करायला, ५वाय३. पहिल्यांदा चालू करताना २५० मिलीअँपिअरचा फ्यूज उडाला, दुसरा टिकला. आता ॲम्प वाजतो, पण सतत घूं असा हम येतो, व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की बारीक शिट्टी सुरू होते, व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर होते आणि जोरात वाजवल्यावर आवाज दबलेला, फाटका येतो. १२एएक्स७ आणि ६व्ही६ दोन्ही बदलून फरक पडला नाही. एका मित्राच्या सल्ल्यावरून ६व्ही६ आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीच्या) दोन तारांची अदलाबदल केली, तेव्हा ॲम्प व्हॉल्यूम शून्यावर असतानाही किंचाळू लागला, म्हणून तारा पूर्ववत केल्या. तुम्ही चार मापेही दिली आहेत: ५वाय३च्या आठव्या पिनवर ३२२ व्होल्ट, ६व्ही६च्या प्लेटवर ३०६, कॅथोडवर २७ आणि ग्रिडवर १२ (व्हॉल्व्हमध्ये प्रवाह कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये वाहतो आणि ग्रिड त्यावर नियंत्रण ठेवते). शेवटी विचारले आहे, "आता पुढे कोणता भाग बदलू?"

तूर्त कोणताही भाग बदलू नका. तुम्ही दिलेल्या चार आकड्यांतच निम्म्याहून अधिक उत्तर आहे, आणि उरलेले आणखी चार-पाच मापांत मिळेल. व्हॉल्व्हचा ॲम्प हा दोष शोधण्याच्या दृष्टीने फार प्रामाणिक यंत्र आहे. त्यात प्रत्येक टप्पा उघड्यावर असतो, प्रत्येक पिनवर काय व्होल्टेज असावे हे आधी सांगता येते, आणि जिथे आकडा चुकतो तिथेच किंवा त्याच्या शेजारी दोष असतो. अंदाजाने भाग बदलत गेल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि प्रत्येक नव्या टाक्याबरोबर एखादा नवा दोष घुसण्याची शक्यता वाढते.

मात्र मोजायला बसण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हा ॲम्प बंद असतानाही जीव घेऊ शकतो. रेक्टिफायरनंतरचे डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठलेला तीनशे-साडेतीनशे व्होल्टचा विद्युतभार प्लग काढल्यानंतरही बराच वेळ टिकू शकतो. पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका, म्हणजे ॲम्प बंद केल्यावर भार आपोआप अर्ध्या-पाऊण मिनिटात उतरेल. तरीही दर वेळी हात घालण्यापूर्वी १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी चॅसी (ॲम्पचा धातूचा सांगाडा) आणि कपॅसिटरच्या धन टोकामध्ये काही सेकंद धरावा आणि मग मीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय चांगली नाही, त्याने कपॅसिटर आणि सोल्डरचे टाके दोन्ही खराब होतात. चालू ॲम्पवर मोजताना मीटरची काळी तार क्लिपने चॅसीला पक्की लावावी, लाल तार एकाच हाताने धरावी आणि दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा. पायांत कोरड्या रबरी तळाच्या चपला असाव्यात. मीटर डीसीचे किमान ६०० व्होल्ट मोजणारा असावा आणि त्याच्या तारांचे इन्सुलेशन कुठेही चिरलेले नसावे.

याच ओघात अर्थिंगचे पाहू. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून थेट ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत चॅसीला लागलेली असतात. त्यामुळे चॅसीचे अर्थिंग हा ऐच्छिक भाग नाही. आपल्याकडे अनेक जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचे असते, पण अर्थच्या पिनमागे तार नसते किंवा ती न्यूट्रललाच जोडून ठेवलेली असते. वायरमनकडून ते तपासून घ्या. हम कमी व्हावा म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कधीही मानू नका. जुन्या अमेरिकन ॲम्पमध्ये मेन्सच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत जोडलेला एक छोटा कपॅसिटर दिसतो. तुमच्या आराखड्यात तो असेल तर तो बसवू नका. फ्यूज आणि स्विच न्यूट्रलवर नव्हे, फेजवरच असले पाहिजेत. आणखी एक, स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर जोडल्याशिवाय हा ॲम्प कधीही चालू करू नका. स्पीकरचा लोड नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत इतके उंच व्होल्टेज तयार होते की त्याचे इन्सुलेशन फुटू शकते.

आता तुमच्या आकड्यांकडे वळू. ६व्ही६च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर आहे आणि त्यावर २७ व्होल्ट पडत आहेत. भागाकार केला की ५७ मिलीअँपिअर येतात. या आराखड्यात तिथे १९ ते २१ व्होल्ट, म्हणजे सुमारे ४० ते ४५ मिलीअँपिअर अपेक्षित असतात. स्क्रीनचे, म्हणजे ग्रिड आणि प्लेट यांच्यामधल्या दुसऱ्या जाळीचे, अंदाजे ४ मिलीअँपिअर वजा केले तर प्लेटमधून ५३ मिलीअँपिअर जात आहेत. प्लेट आणि कॅथोड यांच्यातला फरक ३०६ वजा २७, म्हणजे २७९ व्होल्ट. गुणाकार जवळपास १५ वॉट होतो. ६व्ही६च्या मूळ माहितीपत्रकात प्लेटसाठी १२ वॉटची मर्यादा दिली आहे. खोलीतला दिवा मालवून पाहिलेत तर प्लेटवर मंद लालसर डाग दिसण्याचीही शक्यता आहे. तो दिसला तर ॲम्प लगेच बंद करा.

व्हॉल्व्ह इतका प्रवाह का ओढतो आहे, याचे उत्तर तुमच्या चौथ्या आकड्यात आहे. ६व्ही६ची पाचवी पिन, म्हणजे ग्रिड, २२० किलोओहमच्या रेझिस्टरने चॅसीला जोडलेली आहे. निकोप ॲम्पमध्ये त्या रेझिस्टरमधून डीसी वाहतच नाही, म्हणून तिथे शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत. तुमच्याकडे १२ व्होल्ट धन आहेत. याचा अर्थ त्या रेझिस्टरमधून सुमारे ५५ मायक्रोअँपिअर वाहत आहेत आणि ते कुठून तरी येत आहेत. येण्याचे मार्ग दोनच: एक तर १२एएक्स७च्या प्लेटवरून येणारा कपलिंग कपॅसिटर (दोन टप्पे जोडणारा, सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणारा) गळतो आहे, किंवा ६व्ही६ व्हॉल्व्ह स्वतःच ग्रिडमधून प्रवाह सोडतो आहे. दोन्हींतला फरक कळण्यासाठी ॲम्प बंद करून, भार उतरवून ६व्ही६ काढा, पुन्हा चालू करा आणि सॉकेटच्या पाचव्या पिनवर मोजा. हे काही सेकंदांतच उरका, कारण ६व्ही६ नसताना फिल्टरवरचे व्होल्टेज बरेच चढते. १२एएक्स७ तापल्यावरही तिथे धन व्होल्टेज दिसले तर कपॅसिटर दोषी, नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह. तुम्ही ६व्ही६ बदलूनही ॲम्पच्या वागण्यात फरक पडलेला नाही, आणि कपलिंगचे ०.०२ मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढल्याचे तुम्हीच लिहिले आहे. त्यामुळे माझा कौल कपॅसिटरकडे आहे. हिशेब करा: आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर साधारण १६५ व्होल्ट धरले तर कपॅसिटरवर १५३ व्होल्ट आणि त्यातून ५५ मायक्रोअँपिअर, म्हणजे त्याचा गळतीचा रोध तीन मेगाओहमही नाही. चांगल्या फिल्म कपॅसिटरचा रोध हजारो मेगाओहममध्ये असतो.

मल्टिमीटरच्या कपॅसिटन्सच्या स्थितीवर हाच कपॅसिटर कदाचित बरोबर ०.०२ दाखवील, आणि तिथेच बरेच जण फसतात. मीटर त्याला एक-दोन व्होल्टवर तपासतो, ॲम्पमध्ये तो दीडशे व्होल्टवर काम करतो. जुन्या मेणकागदी कपॅसिटरमध्ये वर्षानुवर्षे ओलावा शिरलेला असतो, आणि आपल्या कोकणपट्टीच्या किंवा मुंबईच्या हवेत पावसाळे काढलेल्या रेडिओतला तर जवळजवळ हमखास गळतो. जुन्या रेडिओतून ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, कधी व्हॉल्व्हही जरूर घ्यावेत, पण कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कधीच घेऊ नयेत. ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

तुमची बटणाची खरखरही याच घरातली आहे. एका १२एएक्स७मध्ये दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र टप्पे असतात. दुसरा ०.०२चा कपॅसिटर पहिल्या ट्रायोडच्या प्लेटवरून व्हॉल्यूमच्या पॉटला (बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरला) जातो. तो थोडा जरी गळत असेल तर पॉटवर डीसी येते, आणि डीसी असलेला पॉट, अगदी नवा कोरा असला तरी, फिरवताना खरखरतो. पॉटच्या वरच्या टोकावर मोजा, तिथे शून्य हवे. अर्धा व्होल्ट जरी असला तरी तो दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडवर जातो, आणि तिथला बायस (ग्रिड आणि कॅथोड यांच्यातला ठरावीक डीसी फरक) मुळात सव्वा-दीड व्होल्टचाच असल्याने व्हॉल्यूम वाढवताच आवाज बिघडतो. पॉटमध्ये क्लीनर फवारून हा दोष जाणार नाही. दोन्ही कपॅसिटर एकदमच बदला. ही भाग बदलण्याची शिफारस असली तरी ती मापानंतरची आहे.

६व्ही६च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही पाहा. मूळ आराखड्यात तो २५ व्होल्टचा आहे, आणि तुमच्याकडे तिथे २७ व्होल्ट असल्याने त्याच्यावर त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ताण पडत आला आहे. तो ५० व्होल्टचा बसवा. तसेच मुख्य फिल्टर कपॅसिटर ४५० ऐवजी ५०० व्होल्टचे असावेत. ५वाय३ ही थेट तापणारी नळी असल्याने ती काही क्षणांतच व्होल्टेज देऊ लागते, तर ६व्ही६ आणि १२एएक्स७ यांना तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्या मधल्या वेळात प्रवाह ओढणारे कोणी नसल्याने ३२५-०-३२५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर फिल्टर कपॅसिटरला ४५० व्होल्टच्या पुढे जावे लागते, आणि रात्री मेन्स २४० च्या वर असेल तर आणखी.

आता हम. प्रथम त्याचा स्वर ओळखा, त्यासाठी गिटार हेच उत्तम साधन आहे. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. तुमचा हम त्या स्वराच्या अगदी जवळ असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरच्या फिल्टरमधला आहे. तो त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झचा, म्हणजे हीटरच्या (व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या) तारांतून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा इनपुटच्या शील्डमधून आलेला आहे. त्यानंतर ॲम्प बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. हम तसाच राहिला तर तो ६व्ही६च्या टप्प्यात किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. गेला तर तो १२एएक्स७च्या टप्प्यांत शोधायचा.

तुमच्या बाबतीत १०० हर्ट्झचा भाग मोठा असणार असे मला वाटते, आणि त्याचे एक कारण आपण आधीच पाहिले. फिल्टरवरची लहर, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, ही ओढलेल्या प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५७ ऐवजी ४२ मिलीअँपिअर झाले की ती सुमारे पाव हिश्श्याने आपोआप कमी होईल. दुसरे कारण आपल्या देशातल्या मेन्सचे आहे. हा आराखडा अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी काढलेला आहे, तिथे फिल्टरला दर सेकंदाला १२० वेळा भार मिळतो. आपल्याकडे १०० वेळा मिळतो, म्हणून त्याच १६ मायक्रोफॅरडवर लहर पाचव्या हिश्श्याने जास्त. पहिला कपॅसिटर २२ केला तर हा फरक भरून निघतो. मात्र तिथे ४७ किंवा १०० घालण्याचा मोह टाळा, कारण तेवढा मोठा कपॅसिटर दर चक्रात भरताना ५वाय३मधून तिला न झेपणारे प्रवाहाचे झटके ओढतो. वाढवायचेच असेल तर पहिल्या कपॅसिटरनंतर येणाऱ्या १० किलोओहमच्या रेझिस्टरच्या पुढचे दोन कपॅसिटर ८ ऐवजी २२ करा, त्याचा उपयोग अधिक होतो आणि रेक्टिफायरला त्रास होत नाही.

५० हर्ट्झचा भाग उरला तर हीटर पाहा. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगचा मधला टॅप चॅसीला जोडलेला आहे का? टॅप नसेल तर वाइंडिंगच्या दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर चॅसीला न्या. हे वाइंडिंग नुसतेच तरंगत ठेवले असेल तर मोठा हम येतो. यात सुधारणा म्हणून मधला बिंदू चॅसीऐवजी ६व्ही६च्या कॅथोडला जोडता येतो. तिथे आयते २० व्होल्ट डीसी मिळतात आणि त्यामुळे हीटरकडून कॅथोडकडे झिरपणारा प्रवाह थांबतो. हीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ घालून चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. चॅसीवरच्या जोडण्यांच्या क्रमालाही महत्त्व आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या उच्च व्होल्टेज वाइंडिंगचा मधला टॅप प्रथम पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकाला जोडावा आणि तिथून एकच तार चॅसीला न्यावी. हा टॅप एका कोपऱ्यात आणि कपॅसिटर दुसऱ्या कोपऱ्यात चॅसीला जोडला तर चार्जिंगचे झटके चॅसीच्या पत्र्यातून इनपुटच्या शेजारून वाहतात, आणि मग कितीही मायक्रोफॅरड वाढवले तरी हम हटत नाही.

शिट्टीबद्दल तुमच्या मित्राने दिलेला सल्ला एका वेगळ्या दोषासाठी योग्य होता. या ॲम्पमध्ये स्पीकरपासून २२ किलोओहममधून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे निगेटिव्ह फीडबॅक जातो, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलट दिशेने मागे दिला जातो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची एक बाजू उलटी जोडली गेली तर तोच फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि ॲम्प ओरडतो. पण व्हॉल्यूमचा पॉट या फीडबॅकच्या फेऱ्याच्या बाहेर, त्याच्या आधी आहे. म्हणून ही ओरड व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येते, आणि तारा उलट केल्यावर तुम्हाला नेमके तेच ऐकू आले. म्हणजे तुमची मूळची जोडणी बरोबर होती. तुमची शिट्टी व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे गेल्यावरच येते, त्याअर्थी तिच्या फेऱ्यात पॉट आहे: शेवटच्या टप्प्याचा सिग्नल पॉटच्या आधीच्या, म्हणजे पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडपर्यंत हवेतून पोहोचतो आहे. ॲम्प चालू ठेवून, शिट्टी येईल इतका व्हॉल्यूम ठेवून, कोरड्या लाकडी काडीने एकेक तार हळूच सरकवून पाहा. ज्या तारेला हलवल्यावर शिट्टीचा स्वर बदलतो किंवा ती थांबते, ती तार दोषी. बहुतेक वेळा ती ६व्ही६च्या तिसऱ्या पिनपासून आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी प्लेटची तार असते, आणि ती इनपुट जॅकच्या किंवा पॉटच्या शेजारून नेलेली असते. तिला चॅसीच्या दुसऱ्या बाजूने न्या. इनपुटचे ६८ किलोओहमचे रेझिस्टर जॅकवर असतील तर ते १२एएक्स७च्या सॉकेटजवळ आणा, आणि जॅकपासून तिथपर्यंतची तार शील्डेड घ्या, जिचे शील्ड एकाच टोकाला चॅसीला जोडलेले असेल. ६व्ही६च्या पाचव्या पिनवरच दीड किलोओहमचा रेझिस्टर घातल्यास ऐकू न येणाऱ्या उंच वारंवारतेची दोलनेही दबतात.

याच काडीने प्रत्येक टाका आणि सॉकेटची प्रत्येक पिन हळूच टोचा. टोचल्यावर कडकड झाली तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जुळलेला टाका, समजा. १२एएक्स७च्या काचेवर टिचकी मारल्यावर थोडा टणत्कार ऐकू येणे साहजिक आहे, घंटेसारखा नाद येत राहिला तर तो व्हॉल्व्ह सुरुवातीच्या टप्प्यासाठी योग्य नाही.

फ्यूजचे कोडे त्या मानाने सोपे आहे. २५० मिलीअँपिअरचा जलद उडणारा, एफ अक्षराचा फ्यूज चालू होतानाच्या पहिल्या झटक्यालाही उडू शकतो. २३० व्होल्टवर या ॲम्पला ५०० मिलीअँपिअरचा टी अक्षराचा, सावकाश उडणारा फ्यूज घाला. तरीही यापुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड (मेन्स आणि ॲम्प यांच्यामध्ये एक बल्ब मालिकेत घालणारा फळा) वापरा. त्यात ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब हवा, एलईडीचा चालणार नाही. आधी सर्व व्हॉल्व्ह काढून चालू करा, बल्ब जवळजवळ काळा राहिला पाहिजे. तो लखलखीत पेटला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा मेन्सच्या वायरिंगमध्ये आहे. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ घाला आणि सर्वांत शेवटी ५वाय३. ५वाय३ घालताच बल्ब प्रखर झाला आणि तसाच राहिला तर उच्च व्होल्टेजच्या बाजूला शॉर्ट आहे किंवा एखादा इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला आहे. बल्ब मध्ये असताना घेतलेली व्होल्टेजची मापे मात्र ग्राह्य धरू नका, ती कमीच येतात.

कपलिंग कपॅसिटर बदलल्यावर, बल्ब काढून, ॲम्प दहा मिनिटे तापू द्या आणि मग पुन्हा मोजा. ५वाय३च्या आठव्या पिनवर ३४० ते ३६०, ६व्ही६च्या चौथ्या पिनवर, म्हणजे स्क्रीनवर, २९० ते ३१०, कॅथोडवर १९ ते २१, पाचव्या पिनवर शून्य. त्यानंतर १२एएक्स७ची पहिली आणि सहावी पिन, दोन्हीकडे १५० ते १७०, तिसऱ्या आणि आठव्या पिनवर सव्वा ते दीड व्होल्ट. पिना मोजताना सॉकेट खालून पाहावे आणि खाचेपासून किंवा मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजावे. वरून पाहून मोजल्यास सगळे आकडे उलटेपालटे वाटतात. एखाद्या प्लेटवर पूर्ण सप्लायइतके, सुमारे २५० व्होल्ट दिसले तर त्या ट्रायोडमधून प्रवाह वाहत नाही: कॅथोडचा टाका सुटला आहे किंवा हीटर पेटलेला नाही. प्लेटवर फार कमी व्होल्ट दिसले तर १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर तुटला आहे किंवा तिथे चुकीच्या किमतीचा बसला आहे.

गरम होऊन चाललेला ६व्ही६ वाचला की नाही, हेही याच वेळी कळेल. कॅथोडचे व्होल्टेज चालू केल्यावर दहा मिनिटांनी आणि पुन्हा अर्ध्या तासाने लिहून घ्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर व्हॉल्व्ह ठीक आहे. व्होल्टेज हळूहळू चढतच राहिले आणि त्यासोबत पाचव्या पिनवरही धन व्होल्ट पुन्हा दिसू लागले, तर त्या व्हॉल्व्हमध्ये आता वायू सुटला आहे, आणि तो मात्र बदलावा लागेल.